टबावरचा गंजाचा डाग आणि तुमचा संशोधन प्रश्न

आज एक अगदी घरगुती प्रश्न घेऊ. प्लास्टिकच्या टबावर, बादलीवर, मगावर तांबूस-पिवळे डाग पडतात. बोअरचं पाणी वापरणाऱ्या बऱ्याच घरांत हे डाग ठरलेलेच. ते काढायचे कसे?

उत्तरं भरपूर मिळतील. लिंबू चोळा, व्हिनेगर लावा, ॲसिड ओता, ब्लीच मारा, तारेच्या घासणीने घासा. उपाय पाच, आणि प्रत्येकाचा पुरावा एकच: "आमच्याकडे निघाला."

पेट झाली आहे आणि आता मुलाखतीची किंवा आरआरसीची तयारी चालू आहे, अशा बऱ्याच जणांचा आराखडा नेमका याच पातळीवर अडकलेला असतो. "अमुक द्रावणाने तमुक काढणे" असं शीर्षक असतं. मग समितीतले सर विचारतात, का निघेल? कशाच्या तुलनेत? निघालं हे कसं मोजणार? आणि तिथे गाडी थांबते. म्हणून आज हा साधा डाग घेऊन सगळा रस्ता चालून बघू. शेवटी तुम्हाला डागही काढता येईल आणि वरच्या पाचपैकी दोन उपाय एकत्र केले तर जिवावर का बेतू शकतं तेही कळेल.

आधी डाग कशाचा आहे ते ठरवा

लालसर दिसलं म्हणजे गंज, असं आपण धरून चालतो. पण बाथरूममध्ये लालसर दिसणाऱ्या गोष्टी बऱ्याच असतात.

गुलाबी-केशरी, बुळबुळीत आणि बोटाने सहज पुसला जाणारा थर असेल तर तो बहुतेक जिवाणूंचा असतो. सेराशिया मार्सेसेन्स हा त्यातला प्रसिद्ध जिवाणू. त्याचा लोहाशी काही संबंध नाही. केशरी आणि चिकट शेवाळासारखं काही नळाच्या तोंडाशी साठत असेल तर ते लोहजिवाणू असू शकतात. गॅलिओनेला, लेप्टोथ्रिक्स ही त्यांची नावं तुम्ही सूक्ष्मजीवशास्त्रात वाचली असतील. काळपट-तपकिरी डाग असेल तर मँगनीजचा संशय घ्या. पांढुरका खरखरीत थर असेल आणि त्यावर ॲसिडचा थेंब टाकल्यावर फसफस झाली, तर तो पाण्यातला क्षार, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आणि पुसून जात नाही, फसफसत नाही, विटकरी किंवा पिवळा रंग आहे, तर तो गंज असण्याची शक्यता जास्त.

खात्री करायची असेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत सोपी चाचणी आहे. सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा डागावर थोडा वेळ ठेवा, मग त्यावर पोटॅशियम थायोसायनेटचा थेंब टाका. रक्तासारखा लाल रंग आला तर फेरिक लोह आहे. कोऱ्या प्लास्टिकवर ठेवलेल्या बोळ्याचीही हीच चाचणी करा. ॲसिडमध्येच लोहाचा अंश असेल तर तो तिथे पकडला जाईल.

डागाची जागाही बोलते. गोल कडं असेल तर तिथे पत्र्याचा डबा किंवा शेव्हिंग फोमचा कॅन ठेवला जातोय. नळाखाली ओघळ असेल तर नळ किंवा पाइप गंजतोय. पाण्याच्या रेषेपर्यंत सगळीकडे सारखा रंग असेल तर लोह पाण्यातूनच येतंय. ही तीन कारणं वेगळी आहेत. पहिल्यात डबा हलवला की काम झालं, तिसऱ्यात टब कितीही घासा, आठवड्याने रंग परत येणार.

स्वच्छ पाण्यातून डाग कसा येतो

बोअरचं पाणी बादलीत काढलं तेव्हा काचेसारखं स्वच्छ दिसतं. मग डाग कुठून आला?

जमिनीखाली ऑक्सिजन कमी असतो. तिथे लोह फेरस रूपात राहतं. ते पाण्यात विरघळतं आणि त्या पातळीला रंग दिसत नाही. पाणी वर आलं, हवा लागली, की फेरसचं फेरिक होतं. फेरिक मात्र साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याचा पाणीयुक्त ऑक्साइड तयार होऊन खाली बसतो. तोच आपला डाग.

हे किती वेगाने होतं यावर स्टुम आणि ली यांचं १९६१ चं काम आजही शिकवलं जातं. साधारण उदासीन पाण्यात फेरसच्या ऑक्सिडीकरणाचा वेग हायड्रॉक्साइड आयनच्या प्रमाणाच्या वर्गावर अवलंबून असतो, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे पीएच एकाने वाढला की वेग सुमारे शंभरपट. म्हणूनच दोन बोअरमध्ये लोह सारखं असलं तरी एका घरात डाग लगेच पडतात आणि दुसऱ्या घरात पडत नाहीत. पाण्याच्या तपासणीत फक्त लोहाचा आकडा बघून थांबू नका, शेजारचा पीएचही वाचा.

आता आकडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक पुस्तिकेनुसार लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह असेल तर कपड्यांवर आणि नळाच्या भांड्यांवर डाग पडतात. भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये २०१२ साली हीच ०.३ ची मर्यादा होती, २०१५ च्या दुरुस्तीत ती १.० झाली. म्हणजे पाणी मानकात बसतं आणि तरीही डाग पाडतं, असं होऊ शकतं.

एक हिशेब करा. रोज ३० लिटर पाणी, लिटरला ०.३ मिलिग्रॅम लोह. दिवसाला ९ मिलिग्रॅम, वर्षाला सुमारे ३.३ ग्रॅम. त्यातलं शेकडा एक टक्काच टबाला चिकटलं असं धरलं तरी ३३ मिलिग्रॅम होतं. पातळ थर दिसायला तेवढं पुरतं. असे पाठीमागच्या पानावरचे हिशेब करायची सवय लावा. मुलाखतीत याचा फार उपयोग होतो.

प्लास्टिकवर तो टिकतो कसा

आंघोळीचे मोठे टब बहुधा ॲक्रिलिकचे किंवा फायबरग्लासचे असतात. बाळाचा टब, बादली, मग हे बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे. गुळगुळीत प्लास्टिकला गंज घट्ट धरत नाही. तो धरतो दोन ठिकाणी: ओरखड्यांत, आणि साबणाच्या थरात. कठीण पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून जो पांढुरका चिकट थर होतो, त्यात लोहाचे कण अडकतात.

यातून दोन गोष्टी लगेच निघतात. एक, आधी भांड्याच्या साबणाने तो चिकट थर काढा, नाहीतर वर टाकलेलं द्रावण गंजापर्यंत पोचणारच नाही. दोन, तारेची घासणी वापरू नका. ती नवे ओरखडे पाडते, म्हणजे पुढच्या डागासाठी जागा करून देते. शिवाय लोखंडी तारेचे बारीक तुकडे ओरखड्यात राहतात आणि तेच गंजतात. डाग काढायला गेलात आणि लोह पेरून आलात.

गंज विरघळवण्याचे तीन मार्ग

इथे खरं रसायनशास्त्र सुरू होतं. लोहाचे ऑक्साइड विरघळवायचे मुख्य मार्ग तीन.

पहिला, आम्ल. फेरिक हायड्रॉक्साइडचा विद्राव्यता गुणाकार साधारण १० चा उणे ३८ ते उणे ३९ वा घात. म्हणजे पीएच ७ ला पाण्यात मुक्त फेरिक आयन जवळजवळ शून्य. पण समीकरणात हायड्रॉक्साइडचा घन आहे, म्हणून पीएच एकाने खाली आला की मुक्त फेरिकची मर्यादा हजारपट वाढते. सातवरून दोनवर आलात तर १० चा १५ वा घात इतका फरक. हा झाला समतोलाचा हिशेब. त्या समतोलाला पोचायला किती वेळ लागेल ते यातून कळत नाही.

दुसरा, पकड. सायट्रेट, ऑक्झॅलेट असे रेणू फेरिकला दोन-तीन बाजूंनी धरतात आणि पृष्ठभागावरून उचलून द्रावणात नेतात. याला आपण चिलेशन म्हणतो. पितळेची भांडी चिंचेने घासतात तिथेही चिंचेतलं टार्टरिक ॲसिड आम्ल आणि पकड अशी दोन्ही कामं करतं.

तिसरा, क्षपण. फेरिकला एक इलेक्ट्रॉन दिला की ते फेरस होतं, आणि फेरस पाण्यात सहज जातं. ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे क जीवनसत्त्व, हे काम करतं. ऑक्झॅलेटही उजेडात हे करतं, कारण फेरिक ऑक्झॅलेट प्रकाशाला संवेदनशील आहे.

आता लिंबू आणि व्हिनेगर यांची तुलना करा. ५ टक्के सायट्रिक ॲसिडचा पीएच सुमारे १.९, ५ टक्के ॲसेटिक ॲसिडचा सुमारे २.४. फरक फार नाही. पण सायट्रेट फेरिकला ॲसेटेटपेक्षा कितीतरी घट्ट धरतं. म्हणजे "लिंबू जास्त आंबट म्हणून चांगलं" हे स्पष्टीकरण अपुरं आहे. कारण सांगता येणं हा उपाय माहीत असण्यापेक्षा पुढचा टप्पा.

ब्लीच का नको

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. तो ऑक्सिडीकारक आहे. हळदीचा, चहाचा डाग रंगीत सेंद्रिय रेणूंमुळे असतो, ब्लीच ते रेणू मोडतो. गंज मात्र आधीच ऑक्सिडाइज झालेला आहे, त्यात मोडायला काही उरलेलं नाही. उलट पाण्यात जे फेरस शिल्लक असेल त्याचंही ब्लीच फेरिक करतो, आणि तो अल्कधर्मी असल्यामुळे ते फेरिक तिथेच बसतं. डाग गडद होतो.

यापुढचं नीट वाचा. ब्लीचने गेला नाही म्हणून त्यावरच ॲसिड ओतलं जातं. हायपोक्लोराइट आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, व्हिनेगर आणि लिंबूसत्त्वही आम्लंच. बंद, लहान बाथरूममध्ये हा वायू फुफ्फुसांना गंभीर इजा करतो. हॉस्टेलला, घरी, जो कुणी साफसफाई करतो त्याला हे एकदा सांगा. आधी ब्लीच वापरला असेल तर त्या दिवशी आम्ल वापरायचंच नाही, भरपूर पाण्याने धुऊन, दार-खिडकी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी काम करायचं. चुकून वास आलाच तर पाणी ओतत बसू नका, आधी बाहेर या.

आता प्रयोग मांडू

"लिंबूसत्त्वाने निघाला" हे निरीक्षण झालं. त्यातून प्रश्न असा करू: गंज विरघळण्यात सायट्रिक ॲसिडच्या आम्लतेचा वाटा किती आणि पकडीचा किती?

एकच जुनी, डागाळलेली बादली घ्या आणि तिचे ५ सेंमीचे चौकोनी तुकडे करा. चार द्रावणं: साधं ऊर्ध्वपातित पाणी, पीएच २ चं हायड्रोक्लोरिक ॲसिड, पीएच २ ला आणलेलं सायट्रिक ॲसिड, आणि पीएच ७ ला आणलेलं सोडियम सायट्रेट. प्रत्येकाला पाच तुकडे. कोणता तुकडा कुठे जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, कारण बादलीच्या तळाचा डाग जाड असतो आणि काठाचा पातळ. द्रावण प्रत्येकी १० मिलिलिटर, वेळ ३० मिनिटं, तापमान एकच, आणि घासायचं अजिबात नाही. घरगुती प्रयोगात लिंबू लावून लोक पाच मिनिटं घासतात आणि सगळं श्रेय लिंबाला देतात.

आधीच भाकीत लिहून ठेवा. फक्त आम्लताच महत्त्वाची असेल तर दोन्ही पीएच २ ची द्रावणं सारखी चालतील आणि उदासीन सायट्रेट पाण्याइतकंच कुचकामी ठरेल. पकड महत्त्वाची असेल तर सायट्रिक हायड्रोक्लोरिकला मागे टाकेल. निकाल आल्यावर भाकीत लिहिलं तर ते नेहमीच बरोबर येतं, म्हणून तारीख टाकून आधी लिहा.

आता यातला चकवा शोधा. पीएच सारखा आहे, पण आम्लाचा साठा सारखा नाही. पीएच २ च्या एक लिटर हायड्रोक्लोरिकमध्ये १० मिलिमोल आम्ल आहे. ५ टक्के सायट्रिकच्या लिटरमध्ये देता येण्यासारखे प्रोटॉन सुमारे ७८० मिलिमोल. एक मिलिग्रॅम गंज विरघळायला साधारण ०.०३४ मिलिमोल लागतात, आणि १० मिलिलिटर हायड्रोक्लोरिकमध्ये ०.१ मिलिमोल आहेत. म्हणजे गंजाला पुरतील. पण तुकड्यावर क्षाराचा थर असेल तर तो हे आम्ल आधीच खाऊन टाकेल, पीएच वर चढेल, आणि तुम्ही निष्कर्ष काढाल की पकड जिंकली. उपाय सोपा आहे: शेवटी प्रत्येक द्रावणाचा पीएच पुन्हा मोजा, आणि तो बदलला असेल तर त्या जोडीची तुलना करू नका.

मोजायचं कशाने? विरघळलेलं लोह हायड्रॉक्सिलअमाइनने फेरस करून फेनान्थ्रोलीनने मोजा, शोषण ५१० नॅनोमीटरला. सायट्रेट स्वतः लोह धरून ठेवतं, म्हणून स्टँडर्ड साध्या पाण्यात बनवू नका, त्याच सायट्रेट द्रावणात बनवा आणि रंग पूर्ण येईपर्यंत थांबा. सोबत फोटो: एकाच उजेडात, शेजारी राखाडी कार्ड ठेवून. डाग किती गेला याला गुण देणाऱ्याला कोणता तुकडा कशात होता ते सांगू नका.

हा प्रश्न लहान आहे का?

अजिबात नाही. मृदाशास्त्रात हीच गोष्ट रोज केली जाते. कोकणातल्या जांभ्याचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचाच. मातीत लोह कोणत्या रूपात आहे ते शोधायला दोन अभिजात पद्धती आहेत. ॲसिड अमोनियम ऑक्झॅलेटची पद्धत टॅम यांनी १९२२ साली दिली आणि श्वेर्टमान यांनी १९६४ साली ती अंधारात करायची रीत घालून दिली. ती मुख्यतः ताजे, नीट स्फटिक न झालेले ऑक्साइड विरघळवते. अंधार यासाठी, की उजेडात ऑक्झॅलेट क्षपणही करू लागतं आणि जुने स्फटिकही विरघळायला लागतात. दुसरी मेहरा आणि जॅक्सन यांची डायथायोनाइट-सायट्रेट पद्धत. ती क्षपण आणि पकड एकत्र वापरून जुने स्फटिकही काढते.

आता टबाकडे बघा. कालचा डाग लिंबाने जातो आणि दोन वर्षांचा जात नाही, याचं एक संभाव्य कारण तुम्हाला इथे मिळालं. ताजा फेरिहायड्राइट काळाने गोएथाइट किंवा हेमटाइटमध्ये बदलतो, आणि ते हळू विरघळतात. हे टबावर खरंच होतं का, किती दिवसांत होतं, साबणाचा थर असताना वेग बदलतो का, हे सगळे प्रयोग करण्यासारखे प्रश्न आहेत.

घरी करायचं असेल तर

टब साबणाने धुऊन घ्या. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवा. हे सुमारे पाव मोल झालं. एक ग्रॅम गंजात लोह जेमतेम ११ मिलिमोल असतं. म्हणजे साठा वीसपटीहून जास्त आहे, आणखी पावडर टाकून फारसं काही मिळणार नाही. कमी पडतो तो वेळ आणि ओलावा. म्हणून उभ्या बाजूवर द्रावणात भिजवलेलं सुती फडकं किंवा टिश्यू चिकटवा, अर्धा तास ठेवा, वाळू देऊ नका. मऊ कापडाने पुसा, धुवा, गरज पडली तर पुन्हा करा. पहिल्यांदा न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा. पितळी किंवा क्रोमच्या नळाला, संगमरवरी फरशीला हे लागू देऊ नका.

ऑक्झॅलिक ॲसिड जास्त जोरकस आहे, पण ते विषारी आहे आणि शरीरातलं कॅल्शियम बांधतं. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी नसेल तर वापरू नका. बाळाच्या टबाला तर नकोच. कठीण पाण्यात ते कॅल्शियम ऑक्झॅलेटचा पांढरा साकाही देतं. ॲसिटोन किंवा थिनर ॲक्रिलिकलाच विरघळवतात, त्यांनी गंज जात नाही. आणि पाण्यातूनच लोह येत असेल तर पाणी टाकीत हवेशी खेळवून, गाळ बसू देऊन, गाळून घेणं हाच टिकाऊ उपाय.

या आठवड्यात एक काम करा. स्वतःच्या आराखड्याचं शीर्षक समोर ठेवा आणि अर्ध्या पानात पाच उत्तरं लिहा: मी जे काढणार किंवा बनवणार आहे ते नेमकं काय आहे हे मला कशावरून कळलं? ते कोणत्या कारणाने घडेल? ते कारण चुकीचं असेल तर निकाल कसा दिसेल? तुलना कशाशी? आणि कोणता चकवा मला फसवू शकतो? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहिता आलं नाही तर गाइडकडे जाण्याआधी त्याच प्रश्नावर दोन दिवस घालवा. समिती बहुतेक वेळा तिथेच बोट ठेवते.